घाटात हात करणारी

दार पुढं ओढा, आणि मधी कुणी बोलू नका. मग सांगतो.

मी तीस वर्षं एसटी चालवली. घाटातल्या गोष्टी ढीगभर ऐकल्या, निम्म्या जागेवरच सोडून दिल्या. पण ही माझ्या शेजाऱ्याची हाय. अहमदपूरचा नागसेन मास्तर, शाळेत विज्ञान शिकवतो. खोटं बोलणारा माणूस न्हाई.

तारीखच सांगतो. अठरा मार्च दोन हजार तेवीस, शनिवार. नागसेनची पोरगी धम्मप्रिया, आठ वर्षांची. तिला दमा. शाळेची सहल माहूरच्या किल्ल्यावर गेली, पण दम्याच्या भीतीनं हिला कुणी नेलं न्हाई. पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. तेव्हा बाप म्हणाला, "मी नेतो तुला." त्या शनिवारी पहाटेच नागसेन, त्याची बायको शिल्पा आणि पोरगी, तिघं आपल्या पांढऱ्या गाडीतून निघाले. ऊन कडक होतं. पोरगी थांबत थांबत का होईना, किल्ला चढली. तटावर उभी राहून आईला हाका मारल्या. झाडाखाली बसून भाकरी-ठेचा खाल्ला. दिवस झ्याक गेला.

चारला आभाळ फिरलं. डोंगरातलं आभाळ ते, विचारून येत न्हाई. आधी वारं सुटलं, मग टपोरे थेंब, मग परत लख्ख ऊन. उघडलं असं वाटून साडेपाचला ते परतीला लागले. माहूरहून किनवटकडं येताना सागाच्या जंगलात एक घाट लागतो. नाव सांगत न्हाई, तिथं माणसं राहतात. घाटाच्या तोंडाशी चहाचं हॉटेल हाय, तिथं ते थांबले. चहावाला म्हणाला, "गुरुजी, आभाळ बरं दिसत न्हाई. जायचंच असंल तर जा. पण घाटात कुणी बाई हात करून राहिली तर थांबू नका."

"का?"

"ती जित्ती न्हाई."

नागसेननं कप असा आदळला की चहा त्या माणसाच्या सदऱ्यावर उडाला. "तुमच्यासारख्यांमुळं लोकं मरतात," म्हणाला. गाडीत बसला तरी तोंड चालूच. अडाणी लोकं, बिनडोक लोकं, काय काय. शिल्पाला वाटलं, नेहमीचंच हाय, भुताखेताचं नाव काढलं की मास्तरचं डोकं फिरतं. खरा राग कशाचा होता ते तिला ठाऊक न्हवतं.

सात वाजून दहा मिनिटांनी गारा आल्या. लिंबाएवढ्या. टपावर असा मारा की पोरीनं कान झाकून घेतले. नागसेननं वळणावर गाडी हळू केली, आणि तेवढ्यात सागाची फांदी कडाडून बॉनेटवर पडली. काचेला तडे गेले. गाडी बंद. चावी फिरवली, परत फिरवली. न्हाईच.

हवा एकदम गार पडली. पोरीची छाती वाजायला लागली. शिल्पानं दम्याचा पंप तोंडाला लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नुसतीच फुसफुस. पंप संपला होता. मोबाइलला रेंज न्हाई.

"अहो, काहीतरी करा. हिचे ओठ निळे पडून राहिले."

नागसेन खाली उतरला. गाडीतला पायाखालचा रबरी मॅट डोक्यावर धरला, मोबाइलची बत्ती लावली आणि रस्त्याच्या कडेला हात करायला लागला.

एक जीप आली. हळू झाली. आतली माणसं त्याला दिसली, भ्यालेली. मग ड्रायव्हरनं गाडी दामटली आणि चिखल उडवून गेली. दुसरी गाडी आली. तिच्यातल्या बाईनं डोळे झाकून घेतले. तिसरा टेम्पो. त्याच्यामागं नागसेन पळत सुटला, मागच्या फाळक्यावर मुक्के मारले. "अरे माणूस हाय मी. माझं लेकरू मरून राहिलं." टेम्पो थांबला न्हाई. नागसेननं त्याच्या सात पिढ्या काढल्या. आयुष्यात दिल्या न्हाईत अशा शिव्या दिल्या. हात रक्ताळला, तरी त्याला कळलं न्हाई.

परत जागेवर आला तर शेजारी कुणीतरी उभं होतं. हात वर करून.

"शिल्पा, तू आत बस. तिला धर."

त्यानं गाडीकडं बघितलं. आतला दिवा चालू होता. शिल्पा मागच्या सीटवर. पोरगी तिच्या मांडीवर.

मग ही...

त्यानं मान वळवली न्हाई. वळवता आली न्हाई.

"थांबत न्हाईत," शेजारून आवाज आला. बारीक आवाज. पण रागानं नुसता थरथरणारा. "लई दिवस झाले, मी हात करून राहिले."

गारा पडत होत्या. टपावर वाजत होत्या, पानांवर वाजत होत्या. तिच्या अंगावर वाजत न्हवत्या.

चौथी गाडी आली. पांढरी. नवी कोरी, बॉनेटला झेंडूचा हार. नागसेननं नंबर वाचला. परत वाचला. त्याच्याच गाडीचा नंबर. आणि त्याची गाडी तर इथं, फांदीखाली...

आत एकटाच माणूस. तो नागसेनच होता.

गाडीतल्या त्यानं बाईकडं बघितलं. नीट बघितलं. मग समोर बघितलं.

थांबा, हे सांगायला पाहिजे. त्या रात्रीच्या दीड वर्ष आधी, ऑगस्टात, नागसेन नवी गाडी घेऊन एकटाच ह्या घाटातून आला होता. मुसळधार पाऊस. एक बाई एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं गाड्या थांबवू बघत होती. ह्याच्या मनात आलं, चिखलानं सीट खराब होईल. निघून गेला. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं. वस्तीची वाट ओढ्यानं नेलेली. बाळंतपणाच्या कळा घेऊन बाई रस्त्यापर्यंत चालत आली, तीन तास उभी राहिली. सकाळी सापडली. पोटातलं लेकरूही गेलं. ही गोष्ट नागसेननं कुणाला सांगितली न्हवती. शिल्पालासुद्धा न्हाई.

तर तो पांढऱ्या गाडीतला नागसेन ह्याच्या समोरून चालला होता. ह्यानं खाली वाकून धोंडा उचलला. त्या तोंडावर घालायचा म्हणून हात मागं नेला.

मनगट धरलं गेलं. गार. घट्ट.

"मीबी उचलला होता," ती म्हणाली. "मारला न्हाई. म्हटलं, आत लेकरू असंल."

"न्हवतं," नागसेन म्हणाला. रडत होता. "मी एकटाच होतो. मारायचा होता."

नुसत्या गारा...

"आता हाय," ती म्हणाली.

पांढरी गाडी वळणाआड गेली. खालून ट्रकचा उजेड चढायला लागला. तिनं मनगट सोडलं. रस्त्याच्या मधोमध चालत गेली. ह्या वेळी हात वर केला न्हाई. नुसती उभी राहिली.

ब्रेक करकरले. ट्रक आडवा होत होत थांबला.

ड्रायव्हर बिलोलीचा, मकसूद नाव. उडी मारून उतरला. "बाई मधी आली हो. कुठं गेली? लागलं का तिला?" बॅटरी घेऊन चाकाखाली शिरला.

"तिला बघू नको," नागसेन म्हणाला. "आधी माझी पोरगी."

मकसूदनं पोरीला स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून केबिनमध्ये घेतलं. पंचवीस मिनिटांत किनवटचा दवाखाना. ऑक्सिजन लागला. साडेनऊला पोरीच्या ओठांना रंग आला आणि तिनं पाणी मागितलं.

तिथंच बाहेरच्या बाकड्यावर नागसेननं शिल्पाला सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वीचंसुद्धा. शिल्पा हळूच म्हणाली, "भूत न्हाई, भूत न्हाई, असं गावभर सांगत फिरता. ती तर माणूस होती. दिसली होती तुम्हाला." पोरीला घेऊन ती माहेरी, शिरूर अनंतपाळला गेली. दोन महिने आली न्हाई. आली ती पोरीच्या हट्टापायी. आजही त्या विषयावर दोघं बोलत न्हाईत. सुट्टी लागली की नागसेन एकटाच त्या घाटात जातो. वळणावर गाडी लावून अंधार पडेपर्यंत बसतो. दिसत कुणी न्हाई.

त्या रात्री दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याचा उजवा हात धुतला. चिखल गेला, रक्त गेलं, तेव्हा मनगटावर चार बोटं दिसली, काळीनिळी. सिस्टरनं विचारलं, "कुणी धरलं होतं?" ह्यानं बाही खाली ओढली. ती बोटं आठ दिवसांत गेली.

पण मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, अजून पाच बोटं होती. ज्वारीच्या दाण्याएवढी. ओळीनं.

ती गेली न्हाईत. मी बघितलीत.