सुक्या बोंबलांना बर्फ

बोईसरच्या नाक्यावर पाणी प्यायला उतरले आणि एस.टी. सुटली — टपावर माझी सुक्या बोंबलांची पाटी! मी नुसतीच ओरडत राहिले. तेवढ्यात समोरच्या बर्फाच्या दुकानातून एक उंच माणूस धावत सुटला, पळत्या गाडीची मागची शिडी धरून टपावर चढला आणि धपाधप थापा मारून गाडी थांबवली. पाटी डोक्यावर घेऊन तो परत आला.

"वासावरून कळलं, नवापूरच्या किनाऱ्यावरची हायेस."

"वास आवडत नसेल तर नाक धरा."

"हात मोकळे नायत ना!"

हा आत्माराम. पालघरच्या हायस्कुलात कबड्डी असो, खो-खो असो की लांब उडी, हा उतरला की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी खेळायचे म्हणे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, ताज्या मासळीला गिऱ्हाईक वाढलं आणि यानं बर्फाचा धंदा टाकला. बर्फाची अख्खी लादी खांद्यावर घेऊन तो चालायचा तेव्हा... काय सांगू, बघतच राहावंसं वाटायचं.

मग दर बाजाराला मी त्याच्याकडून बर्फ घेऊ लागले. एकदा लादी फोडता फोडता तो थांबला.

"नलू, एक इचारू? सुक्या बोंबलांना बर्फ कशाला लागतो?"

मेले मी! कान तापले.

"उकडतं त्यांना..."

तो पोट धरून हसला. मग हळूच म्हणाला, "मग रोज ये. तू नाय आलीस की मला पण उकडतं."

बाबांच्या कानावर गेलं आणि घरात वादळ उठलं. "आपल्यातला, मच्छीमाराचा पोर असून बर्फ विकतो! दर्यावर टिकेल त्यालाच पोरगी देईन." दातिवऱ्याचं स्थळ त्यांनी जवळजवळ पक्कंच केलं होतं. आणि आत्मारामला तर होडीत पाय ठेवला की मळमळायचं! रडत रडतच मी त्याला सगळं सांगितलं.

"मी जातो बाबांच्या होडीवर," तो म्हणाला.

"नको हो... तुमाला सोसायचं नाय."

"तू दातिवऱ्याला गेलीस तर ते सोसेल?"

तो गेलाच. संध्याकाळी होडी लागली तशी मी किनाऱ्यावर धावले. आधी बाबा उतरले.

"पोटातलं सगळं दर्याला दिलं यानं," ते म्हणाले, "पण जाळ्याची दोरी सोडली नाय. दातिवऱ्याला नको म्हणून कळवतो." मग दटावून म्हणाले, "पण याला पुन्हा होडीत घेणार नाय हां मी!"

किनारा हसला. आत्माराम पिवळाफटक पडला होता, पण हसत होता. वाळूत दोन पावलं टाकली आणि हा एवढा गडी झोकांड्या खायला लागला.

"नलू... जमीन हलते गं अजून."

मासळी निवडणाऱ्या बायका माना वर करून बघत होत्या. बघू देत! मी पुढे झाले.

"धर माझा हात."

त्याला मी पहिल्यांदाच 'अरे-तुरे' केलं होतं. त्यानं हात धरला, अख्ख्या नवापूरसमोर.