लिव्हर उचलावाच लागतो

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली. बर्निस मावशी. ती थापा मारणारी बाई नव्हती. उलट नको तिथे खरं बोलून माणसं तोडायची.

तारीख पंधरा ऑक्टोबर १९७८. रविवार. वेळ दुपारी साडेतीन.

हो, दुपारच. रात्र नाही, वादळ नाही, कुत्री रडत नव्हती. आयोवातलं टॅनर्स ग्रोव्ह हे आमचं गाव. लख्ख ऊन पडलं होतं आणि चहूकडे मक्याची कापणी चालली होती. भुतं फक्त अंधारात येतात असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

आधी थोडं मागचं सांगते.

बर्निसची थोरली बहीण आर्डिथ, तीही माझी मावशीच. तिचा नवरा डेलबर्ट हॅग, गावातल्या गॅरेजचा मिस्त्री. बिनक्लचच्या गाड्या गावात नव्या आल्या तेव्हा लोक त्यांना हात लावायला बिचकत. डेलबर्ट एकेकाला शेजारी बसवून शिकवायचा. पाद्रीबाबांना त्यानेच शिकवलं, शेरीफलाही त्यानेच. स्वतःसाठी त्याने एक्कावन्न सालची एक गाडी घेतली होती. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, बोटीएवढी लांब.

सप्टेंबर १९५८ मध्ये त्याच गाडीने आर्डिथला चिरडलं.

घराच्या गॅरेजमध्ये गाडी दाराकडे तोंड करून उभी होती. मागच्या भिंतीला फळ्या होत्या. तिथे आर्डिथ पीचच्या मुरंब्याच्या बरण्या लावत होती. बाहेरचा रस्ता खडा चढ. डेलबर्टने शेरीफला सांगितलं, "चढासाठी 'एल'वर टाकायला गेलो. हात एक घर पुढे घसरला, 'आर'वर गेला. गाडी पुढे जायची ती मागे गेली."

शेरीफने मान डोलवली. त्या गाड्यांत चढाच्या 'एल' गिअरच्या लगेच पुढे 'आर', म्हणजे रिव्हर्स, असे. शिकवणारा मास्तरच सांगतोय म्हटल्यावर, असा गोंधळ कुणाचाही होऊ शकतो, असं सगळ्यांनाच वाटलं.

एक गोष्ट मात्र कुणी मनावर घेतली नाही. डेलबर्ट गाडी मागे घ्यायचा तेव्हा आर्डिथ मागे उभी राहायची आणि डिकीवर दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे बास, थांब. त्या दिवशी शेजारणीने थापा ऐकल्या होत्या.

दोन नाही... पुष्कळ.

बर्निस चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोलली, "यानं मारलं माझ्या बहिणीला." आजीने, म्हणजे त्या दोघींच्या आईने, तिला पायऱ्यांवर उभं करून डेलबर्टची माफी मागायला लावली. अख्खं गाव बघत होतं. डेलबर्टने तिचा हात हातात घेतला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ दे गं. दुःखात माणूस काहीही बोलतं."

दहा महिन्यांत त्याने दुसरं लग्न केलं.

तो हात बर्निसला वीस वर्षं जाळत होता. आजी गेली तीसुद्धा धाकट्या लेकीवर नाराज होऊनच.

आता अठ्ठ्याहत्तर साल. डेलबर्टची दुसरी बायको त्याला सोडून गेलेली. डोळे अधू झालेले. त्याने गाडी विकायला काढली. सोमवारी डे मॉइन शहराहून गिऱ्हाईक येणार होतं.

म्हणून बर्निस रविवारीच गेली. तिने जन्मभर क्लचचा ट्रक हाकला होता, त्या गाडीत ती कधी बसलीही नव्हती. तिला फक्त एक हवं होतं. हात खरंच घसरतो का, ते स्वतःच्या हाताने बघायचं होतं.

"दाजी, विकायच्या आधी एकदा मला चालवायला शिकवा."

"तुला?" डेलबर्ट खूश झाला. "मेहुणीबाई, ही काय तुझी डुकरं वाहायची गाडी नव्हे. राणी आहे राणी."

"मग राणीला सांगा, पाहुणी आलीये म्हणून."

दोघं बसले. ती स्टिअरिंगवर, तो शेजारी. डेलबर्टचा आवाजच बदलला. वीस वर्षांनी मास्तरला विद्यार्थी मिळाला होता.

"डावा पाय खाली ठेव आणि विसरून जा. त्याला आज सुट्टी. हा स्टिअरिंगखालचा लिव्हर बघ. एन, डी, एल, आर. 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलला, असेल तरच इंजिन चालू होतं. ब्रेक दाब. आता 'डी'वर आण. हं, सोड ब्रेक. बघ, चालली की नाही?"

गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली. चढावर त्याने 'एल' घ्यायला लावलं. वर आल्यावर ती खडीच्या वाटेवर वळली.

"आणि दाजी, 'आर'?"

"तो असा नाही जात. 'एल'शी आडकाठी असते. लिव्हर आधी आपल्याकडे वर उचलायचा आणि मग पुढे न्यायचा. मुद्दामच केलंय तसं. नाहीतर कुणाचाही हात घसरेल ना. उचलावाच लागतो. चुकून जातच नाही."

असं म्हणून तो तसाच पुढे बोलत राहिला. तेलाबद्दल, चढाबद्दल. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

बर्निसची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली.

तेवढ्यात...

धप्. धप्.

डिकीवर दोन थापा.

डेलबर्टचा पाय आपसूक ब्रेक शोधायला गेला. त्याच्या बाजूला ब्रेक नव्हताच.

"खडा उडाला असेल," तो म्हणाला. चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

बर्निसने आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं... धूळही नव्हती.

ऑक्टोबरची कोरडी खडी. आमच्याकडे सायकल गेली तरी धुरळा उठतो. या एवढ्या मोठ्या गाडीमागे काहीच उडत नव्हतं. खडीचा आवाजही येत नव्हता.

"दाजी, मागे बघा."

"मला नाही बघायचं," डेलबर्ट म्हणाला. "घरी चल."

घरापाशी त्याने स्वतः स्टिअरिंग घेतलं. उतारावरून उलटी आणून गाडी गॅरेजमध्ये लावली. तोंड दाराकडे, मागे तीच भिंत. बरण्यांच्या जागी आता चाकांची जुनी झाकणं होती. सवय सुटत नाही. शिकवणं त्याने चालूच ठेवलं.

"उभी करताना इंजिन बंद करायचं आणि 'आर'वर टाकायचं. मग आतले दाते अडकून बसतात. हत्तीने ढकलली तरी हलत नाही. ही चावी दाराजवळच्या खिळ्याला लाव. मी गिऱ्हाइकासाठी झाकणं काढतो."

तो गाडीच्या मागे गेला. बर्निस दाराशी गेली. तिने चावी खिळ्याला लावली.

इंजिन बंद. चावी खिळ्यावर. गाडी 'आर'वर अडकलेली.

आणि मागून डेलबर्ट ओरडला, "बर्निस! थट्टा पुरे!"

ती वळली.

गाडी मागे सरकत होती.

आवाज नाही. इंजिनचा नाही, कशाचाच नाही. तिने चाकांकडे पाहिलं. चाकं फिरत नव्हती... तरी गाडी सपाट फरशीवरून बोट बोट मागे चालली होती.

डेलबर्टची पाठ भिंतीला लागली. बंपर त्याच्या मांड्यांना टेकला. आणि गाडी थांबली.

जणू कुणीतरी त्याला विचार करायला वेळ देत होतं.

"आत जा!" तो किंचाळला. "न्यूट्रलला टाक म्हणजे ढकलता येईल! लिव्हर उचल आणि मागे घे!"

बर्निस आत बसली. लिव्हरला हात लावला. पण उचलला नाही.

"कशाला उचलायचा, दाजी? तो तर घसरतो ना?"

डेलबर्टने दोन्ही हातांनी डिकी ढकलून पाहिली.

"त्या दिवशी घसरला होता. शेरीफला सांगितलंत ना तुम्ही? तुमच्यापायी मला पायरीवर उभं राहून माफी मागावी लागली ना?"

"बर्निस, बाई गं, पाया पडतो. उचल."

बंपर बोटभर सरकला. डेलबर्ट गुरासारखा ओरडला.

"खरं बोल, डेलबर्ट." दाजी संपले होते. "घसरला की उचललास?"

"उचलला! मीच उचलला! आर्डिथला दिसत होतो मी उचलताना! आता तरी काढ!"

आरशात बर्निसला त्याचा चेहरा दिसत होता. घामाने भिजलेला, म्हातारा, रडणारा. नंतर ती मला म्हणाली, त्या क्षणी मला त्याची दया आली नाही. मला हलकं वाटलं.

मग तिने लिव्हर धरला... आणि तिच्या हातावर दुसरा हात आला.

शेजारची सीट रिकामी होती. पण गादी दबलेली होती, माणूस बसल्यासारखी.

मागून थापा सुरू झाल्या. डेलबर्टच्या. आधी दोन. मग चार. मग मोजता येईनात.

मग थांबल्या.

शेरीफचा माणूस आला. चावी खिळ्यावरच होती. त्याने फरशीवर पेन्सिल आडवी ठेवून पाहिली. ती तसूभरही गडगडली नाही. बराच वेळ तो त्या पेन्सिलीकडे बघत राहिला. मग त्याने कागदावर लिहिलं, 'अपघात. जुनी गाडी आपोआप सरकली.' आणि मावशीकडे न बघताच निघून गेला.

सोमवारी गिऱ्हाईक आलं नाही. त्याला कुणी कळवलं होतं, ते आजपर्यंत कुणालाच माहीत नाही. त्याने एवढंच सांगितलं की सकाळी एका बाईचा फोन आला, 'गाडी विकायची नाही' म्हणाली. मावशीच्या घरी तेव्हा फोन नव्हता.

हे सगळं मावशीने मला फार उशिरा सांगितलं. ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसलो होतो.

"हात थंड होता का गं तो?" मी विचारलं.

"नाही. उबदार होता. आर्डिथचाच होता. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची ना, तसा धरला होता."

"आणि तू? तू जोर लावलास ना, मावशी?"

"लावला की. होता नव्हता तेवढा जोर लावला."

तिने सोललेलं सफरचंद पातेल्यात टाकलं.

"पण तो वर उचलायला लावला की खाली दाबून धरायला, ते मला विचारू नकोस."

मी विचारलं नाही. आता तीही नाही. त्या दोघी बहिणींपैकी मला जास्त भीती कुणाची वाटते, ते अजून ठरत नाही.