पत्त्यावरचं अक्षर

त्या दिवशी मी धक्क्यावर गेले होते ती साखर आणायला. रॅपहॅनॉक नदीवर आमच्या मळ्याचा स्वतःचा लाकडी धक्का होता. आमच्या तंबाखूची पिंपं तिथून जात, आणि नॉरफोकहून येणारी गलबतं साखर, मीठ आणि पत्रं टाकून पुढे जात. सासूबाई बरोबर होत्या. पत्राची वाट पाहून पाहून त्यांचा धीर सुटला होता, पण कबूल करतील तर शपथ! "साखर पारखून घ्यायला कुणी जाणतं नको का?" असं मलाच ऐकवून त्या निघाल्या.

नॉरफोकला तापाची साथ होती. माझे यजमान एडमंड आणि थोरले दीर वॉर्नर, दोघंही तंबाखू विकायला जाऊन तिथेच अडकले होते. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

गलबताच्या तांडेलानं पत्र सासूबाईंच्या हातात दिलं. मला दिसली ती मागची बाजू. तिच्यावर काळ्या लाखेची मोहोर होती.

काळ्या लाखेचा अर्थ आमच्याकडे पोराटोरांनाही कळतो. कुणीतरी गेलं. नॉरफोकला आमची माणसं दोनच. एक गेला असेल, तर हे पत्र मागे राहिलेल्यानं लिहिलेलं. पत्त्याचं अक्षर पाहिलं की झालं.

"आई, अक्षर कुणाचं आहे?"

त्यांनी पत्र घागऱ्याच्या खिशात सारलं. "साखर उचलायला सांग," म्हणाल्या.

घरी आलेलं पत्र शेकोटीपाशी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची आमची रीत. मावशीच्या गुडघेदुखीची चार पानंसुद्धा आम्ही निमूट ऐकलेली. हे पत्र मात्र फोडलंच गेलं नाही. मी विनवलं, रडले, भांडलेसुद्धा.

"फोडलं की त्यातला एक मेला. तोवर माझे दोन्ही आहेत," एवढंच त्यांचं उत्तर.

मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या जिना चढायच्या तेव्हा खिशातला कागद कुरकुरायचा. साथीच्या गावचं पत्र व्हिनेगरच्या धुरीतून काढतात, तो आंबट वास खोलीत मागे रेंगाळायचा. माझा नवरा आहे की नाही, हे त्या खिशात होतं आणि मला हात लावता येत नव्हता.

चारेक दिवसांनी, भर दुपारी, वॉर्नर भावोजी आले. वाळले होते, कोटाला तोच आंबट वास होता. आईला मिठी मारून त्यांनी विचारलं, "माझं पत्र पोचलं ना?"

"नाही पोचलं," सासूबाई म्हणाल्या. "आधी दोन घास खा. बोलू नकोस."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला सगळं कळलं. खोलीत जाऊन मी उशीत तोंड खुपसलं, ती दिवस कलेपर्यंत उठले नाही.

मला उठवलं ते घोड्याच्या टापांनी. ओक झाडांखालच्या वाटेनं कुणीतरी सावकाश येत होतं. मी धावत खाली गेले. जेवणघराच्या दारात एडमंड उभे होते...

मी त्यांचे हात धरले. उबदार होते. ते मात्र माझ्या खांद्यावरून टेबलाकडे पाहत होते. तिथे वॉर्नर भावोजी बसले होते, हातातला सुरी-काटा तसाच धरून.

हॅना, आमच्या घरची गुलाम बाई, वाढत होती. तिनं दोघांकडे पाहिलं, थाळी खाली ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेली. त्या दिवशी कुणी तिला परत बोलावलंही नाही.

"आई..." एडमंड म्हणाले. "माझं पत्र..."

"नाही आलं. बस, गार होतंय."

सासूबाई शेकोटीपाशी वाकल्या, लाकूड सारल्यासारखं केलं. लाख तडतडली. काळा धूर उठला आणि सगळीकडे आंबट वास भरला.

आम्ही सगळे जेवायला बसलो. हॅमचा तुकडा देताना माझी बोटं भावोजींच्या हाताला लागली. तोही उबदार होता.

जेवण झाल्यावर भावोजींनी मला जिन्यापाशी गाठलं. "जुडिथ, पोरी, ओरडू नकोस... मी त्याला माझ्या हातानं पुरलंय. त्याचं त्याला ठाऊक नाही बहुतेक. सांगू नकोस गं. बिचारा इतक्या लांबून घरी आलाय."

मी भिंत धरून वर गेले. एडमंड पलंगावर बसून रडत होते. "अगं, दादाला मी पुरलं. माती मी लोटली... आणि तो तिथे बसून जेवतोय. त्याला कळलेलंच नाही. तू काही बोलू नकोस हं."

मी तशीच खाली पळाले. सासूबाई टेबल पुसत होत्या, स्वतःच्या हातानं.

"पत्ता तुम्ही पाहिलात. दोघांनाही अक्षरं तुम्ही गिरवायला शिकवलीत. आई, तुमच्या पाया पडते, कुणाचं अक्षर होतं?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. माझ्या गालावरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"नको विचारूस, बाळ," त्या म्हणाल्या. "तुला त्याच्याशेजारी निजायचंय."

वरून एडमंडनं हाक मारली. मी गेले.

आमच्या घरातून त्यानंतर कुणी गेलं नाही. दोघं भाऊ एकाच टेबलावर जेवत, एकमेकांना जपत, एकमेकांकडे कीव आल्यासारखं पाहत. नॉरफोकचं नावही कुणी काढलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मला मुलगा झाला. सासूबाईंनी त्याला खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, आणि त्याची छाती श्वासानं वरखाली होते का, ते कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग दुपट्यात घट्ट गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला.