घरचा तंबाखू

त्या भिजट नोव्हेंबरात आमची फुप्फुसांच्या तपासणीची फिरती गाडी लुबुश्की गावच्या चर्चसमोर उभी होती. शिमून आत घुसला तो केवळ पाऊस चुकवायला. पन्नाशी उलटलेली, मिशा ओल्या, पण डोळे खट्याळ.

"आलाच आहात तर बसा," मी म्हटलं. "मी प्रश्न विचारते, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका किती ते कॉम्प्युटर सांगतो. धोका जास्त निघाला तरच आतल्या मशीनमध्ये फोटो."

"आणि सिस्टरबाईंपासून किती धोका... ते सांगतो का?"

मी हसू दाबलं. "सिगारेट ओढता?"

"आयुष्यात कधी विकत घेतली नाही!"

मी 'नाही' भरलं. धोका कमी निघाला. "जा घरी," म्हटलं, आणि माझं मलाच वाईट वाटलं.

पण तो जातोय कुठला! रोज नवं निमित्त – कधी डाळिंबं, कधी सुकी अंजिरं. नवरा गेल्यापासून माझ्याशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघायला लागले होते.

एके दुपारी आम्ही समोरच्या कॉफीघरात बसलो होतो. बाहेर दक्षिणेचा दमट, जीव नकोसा करणारा वारा. शिमूननं खिशातून पत्र्याची डबी काढली, कागदावर पिवळाधमक तंबाखू पसरला, सफाईनं वळला आणि पेटवला.

"हे काय?" माझा कप हातातच राहिला.

"हा? घरचा आहे. आधी बाप लावायचा, आता मी लावतो. काही भेसळ नाही."

"कधीपासून ओढतोस?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून... पण ही सिगारेट थोडीच, नेवेन्का!"

"अरे माणसा, धूर तो धूर! घरचा काय नि दारचा काय!" मी ओरडलेच. माझे वडीलही असंच म्हणत म्हणत खोकून गेले होते.

दंडाला धरून त्याला गाडीत आणलं. खरी उत्तरं भरली तसा धोक्याचा आकडा भराभर चढला. शिमून मुकाट मशीनवर आडवा झाला.

पुढच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला गाडीत बोलावलं. उजव्या फुप्फुसात गाठ होती. कॅन्सरचीच वाटत होती, पण लहान. मोस्तारच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन करावं लागणार होतं.

तो बाहेर आला आणि गाडीच्या पायरीवरच बसला. मी शेजारी बसले.

"नेवेन्का... रविवारी तुला मागणी घालणार होतो. आता नाही घालत. एकदा विधवा झालीस, तेवढं पुरे."

मला राग आला, चांगलाच.

"ठरवणारा तू कोण रे? लग्न ऑपरेशनच्या आधी करायचं की नंतर, तेवढं बोल."

"नंतर..." तो म्हणाला. "जगलो तर."

"मग आधीच करू," मी म्हटलं.