चौतीस विधवा आणि एक अकॉर्डियन

हॉलच्या दारात तो आला, मला पाठमोरी पाहिलं, मी वळताच टोपी काढली आणि म्हणाला, "फार वाईट वाटलं..."

मला वाटलं, सजावटीबद्दल बोलतोय.

"अहो, ओन्नोकाकांनी एकट्यांनी केलीय," मी म्हटलं. "अग्निशमन दलाचे प्रमुख आहेत ते. आग विझवतात ठीक, पण झालरी लावणं म्हणजे—"

तो नुसता बघत राहिला. डोळे तपकिरी, ओलसर. मागे तिरका पाऊस, पाठीवर अकॉर्डियनची पेटी... सव्वीस वर्षांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. आमच्याकडचे पुरुष भरती-ओहोटीकडे बघतात.

त्याचं नाव कोर्बिनियान. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, ईस्ट फ्रिजियातल्या आमच्या गावात दर ऑक्टोबरमध्ये 'बव्हेरियन संध्याकाळ' असते, आणि यंदा प्रथमच देशाच्या दुसऱ्या टोकाच्या, आल्प्सच्या पायथ्याहून खरा बव्हेरियन मागवला होता. सकाळी तो परत जाणार होता. म्हणजे माझ्या हातात जेमतेम एक संध्याकाळ होती.

"किती दिवस झाले?" त्यानं हळूच विचारलं. मी त्याला आत न्यायला वळले होते, त्याची नजर माझ्या एप्रनच्या गाठीवर. ती मी पाठीमागे बांधली होती.

अगंबाई, नव्या झग्याचं कौतुक! "कालच," मी लाजले.

"काल? आणि आज तुम्ही नाचायला...?"

"तिकीट आधीच काढलं होतं ना."

"रडू नाही आलं?" त्यानं विचारलं.

"किंमत ऐकली तेव्हा आलं थोडं."

"फार धीराच्या आहात," असं म्हणून त्यानं आत पाऊल टाकलं, आणि दाराची चौकट घट्ट धरली. हॉलमध्ये चौतीस बायका होत्या. चौतीस बव्हेरियन झगे, चौतीस एप्रन, चौतीस गाठी पाठीमागे.

"सगळ्याच?" तो कुजबुजला. "समुद्रानं...?"

"समुद्र बांधापलीकडे आहे. बघायचाय?"

"नको!"

मग त्यानं पोल्का हा उड्यांचा नाच वाजवायला घेतला. मयत खांद्यावर घेऊन चालता येईल अशा चालीत. आम्ही सगळे गंभीरपणे पाय ओढत गोल फिरलो.

"हे खरं बव्हेरियन," ओन्नोकाका डोळे मिटून म्हणाले. "मागच्या वर्षीचे नुसते उड्या मारत होते."

सात वाजता बिअर थांबली आणि चहा आला. संध्याकाळ बव्हेरियन असली म्हणून माणसं चहा सोडतात थोडीच. मी त्याच्याशेजारी किटली घेऊन बसले. आमच्यात पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. नाही ठेवला तर समोरचा ओतत राहतो. त्यानं काही चमचा ठेवला नाही. मी ओतत राहिले. तो पीत राहिला... नऊ कप! मी किटली पुन्हा भरून आणली.

"टोमके, बुडवतेस की काय त्याला?" हिल्के मावशीनं विचारलं.

"त्यानं चमचा नाही ठेवला, मावशी."

"मग लग्नच करेल तो."

एवढ्यात मावशीचा नवरा, आयलर्टकाका, चिखलाचे बूट घालून आत आला. "मॉइन," असा त्यानं आमच्याकडचा रामराम घातला आणि मावशीच्या गालाची पापी घेतली.

कोर्बिनियान ताडकन उठला. "हे कोण?"

"तिचा नवरा," मी म्हटलं. "गाय व्यायली, म्हणून उशीर झाला."

"पण... त्या तर विधवा आहेत!"

हॉल शांत झाला. आमच्याकडे शांतता नेहमीचीच, पण ही सगळ्यांच्या लक्षात आली.

मग त्यानं चाचरत सांगितलं. त्यांच्याकडे गाठ डावीकडे म्हणजे मोकळी, उजवीकडे म्हणजे कुणाची तरी, आणि मागे म्हणजे... नवरा गेलेली. चौतीस माना ओन्नोकाकांकडे वळल्या. झगे कसे घालायचे ते त्यांनीच शिकवलं होतं.

"एप्रनची गाठ मागेच असते!" काका ओरडले. "एप्रन आहे तो!"

"तीस वर्षं संसार केला," आयलर्टकाका मावशीला म्हणाला, "आणि एका गाठीत मारलंस मला?"

"बस आता. चहा घे."

ओन्नोकाकांनी माइक उचलला. "भगिनींनो, आपापली परिस्थिती दुरुस्त करा!"

चौतीस एप्रन गरागरा फिरले. सगळं गाव बघत होतं, आणि तो नेमका छताकडे. मी गाठ डावीकडे ओढली.

"काल कुणी गेलं नाही," मी म्हटलं. "काल झगा आला. पार्सलनं."

त्यानं मान खाली केली. आधी गाठ पाहिली, मग मला... आणि असा हसला की माझा नवा झगा कमरेत एकदम घट्ट झाला.

"आणि तुम्ही नऊ कप का प्यायलात?"

"विधवेला नाही कसं म्हणायचं?"

"फक्त म्हणून?"

"पाचव्यापर्यंत—" त्याचे कान लाल झाले. "पुढचे चार माझे मीच प्यायलो."

मग तो वाजवायला लागला, आणि हॉल उड्या मारू लागला. ओन्नोकाकांना ते मुळीच खरं बव्हेरियन वाटलं नाही.

शेवटी अकॉर्डियन पेटीत ठेवता ठेवता तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात आमच्या गावात 'समुद्रकाठची संध्याकाळ' असते. सगळे हॉलमध्ये पिवळे रेनकोट घालून बसतात. समुद्र कुणीच पाहिलेला नाही. एक खरी फ्रिजियन हवीय... चुका दाखवायला."

"बऱ्याच आहेत का चुका?"

"म्हातारपणापर्यंत पुरतील."

सकाळी सातच्या गाडीला मी त्याला सोडायला गेले. नऊच्या गाडीलाही गेले. साडेअकराच्या गाडीत मात्र आम्ही दोघंही चढलो.