डाव्या हाताचा रंधा

ही गोष्ट खरी आहे. पटवून घ्या असा माझा आग्रह नाही. पण लालबर्र्याला जाऊन हेमराज सुताराचे दुकान विचारा, कोणीही दाखवेल. सिवनी रोडला, राइस मिलच्या पुढे. हेमराज आमच्या नात्यातला.

आणि यात रात्रीची वाट पाहू नका. जे घडले ते भर दुपारी घडले. दोन वर्षांपूर्वी, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत.

तेव्हा त्या दुकानात दोघे काम करायचे. हेमराज आणि त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा भैयालाल. अठरा वर्षे एकाच छपराखाली. भैयालाल डावखुरा. त्याचा रंधा त्याने स्वतः घडवलेला होता, अंजनाच्या लाकडाचा. खंडव्याकडच्या पाहुण्याकडून हातभर तुकडा मागून आणला होता.

अंजन म्हणजे लाकूड कमी आणि लोखंड जास्त. खिळा ठोकला तर खिळाच वाकतो. वाळवी तोंड लावत नाही. पाण्यात टाकले तर तळाला जाते. असल्या लाकडाचा रंधा जन्मभर घासला तरी झिजत नाही.

पण हा झिजला होता.

एकाच ठिकाणी. मागच्या बाजूला, भैयालालचा डावा अंगठा टेकायचा तिथे छोटी वाटी पडली होती.

गिऱ्हाईक यायचे ते "भैयालालभाऊच्या हातचा दरवाजा पाहिजे" म्हणतच यायचे. हेमराज तिथेच उभा असायचा. त्याचेही काम काही वाईट नव्हते. पण त्याला कोणी विचारत नसे आणि तो आतल्या आत जळत असे.

हेही त्याने गिळले असते. पण एकदा त्याच्या घरचे कपाट बिघडले. भैयालालने येऊन दार बसवले, तिथेच जेवला. तो गेल्यावर हेमराजची बायको मंजू ते दार दोनदा उघडून, दोनदा लावून पाहत होती. सहज बोलून गेली,

"हात असावा तं असा."

लग्नाला बारा वर्षे झाली होती. नवऱ्याच्या हाताबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. ते वाक्य हेमराजच्या छातीत रुतून बसले.

मग त्या वर्षी, पोळ्याच्या चार दिवस आधी, भैयालाल काम करता करता खाली बसला तो उठलाच नाही.

तिरडी बांधत होते. भैयालालची बायको सत्यभामा हेमराजजवळ आली.

"हेमराजभाऊ, तेवढा त्याईचा रंधा आणून द्या. सांगून ठेवलं होतं मले, माह्यासंग जाऊ दे म्हणून."

"आणतो, वहिनी."

हेमराज दुकानात गेला. अंजनाचा रंधा समोरच पडला होता. त्याने तो पोत्याखाली सरकवला आणि आपला जुना सागवानी रंधा फडक्यात गुंडाळून नेला. चितेवर तो भर्रकन जळून गेला. अंजन असते तर दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिले असते. पण हे ओळखणारा एकच माणूस होता आणि तो तर चितेवर होता.

हेमराजला वाटले, सगळी करामत रंध्यात आहे. आता लोक आपले नाव घेतील.

पहिलेच काम भरवेलीच्या राजेंद्रचे आले. नव्या घराचा पुढचा दरवाजा. हेमराजने रंधा हातात घेतला, पण तो उजव्या हाताला चालेना. अडखळायचा. लाकूड खरवडून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी वैतागून त्याने हात बदलला. डावा अंगठा त्या वाटीत टेकला…

सर्र…

पापुद्रा निघाला. कागदासारखा पातळ, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

हेमराज खूश झाला. कुलूप लावून समोर महागूच्या टपरीवर चहा प्यायला गेला. दुपारचे साडेबारा झाले होते. दोन घोट घेतले असतील.

सर्र… सर्र…

महागूने मान वर केली. "आत कोन काम करून राह्यलं?"

हेमराजने चहा खाली ठेवला. त्याने जाऊन कुलूप उघडले. आत कोणी नव्हते. रंधा ठेवला होता तिथेच होता.

फक्त ती वाटी…

घामाने ओली होती.

त्याने ती पुसली आणि काम पुढे सुरू केले. भीती वाटत होती, नाही असे नाही. पण दरवाजा इतका सुरेख उतरत होता की थांबवत नव्हते.

राजेंद्र दरवाजा न्यायला आला. त्याने फळीवरून तळवा फिरवला.

"ये तो भैयालालभाऊ का हाथ है. मरायच्या आधी करून ठेवला होता का?"

"मी केला."

"मजाक नका करू, भाऊ."

तो गेला आणि हेमराजचे डोके फिरले. मेला तरी हा माणूस मधून हटत नाही. त्याने पटाशी उचलली आणि ती वाटी खरवडून काढायला बसला. पहिल्याच घावाला पटाशीची धार तुटली. अंजनावर ओरखडाही नाही.

मग रंधा पोत्यात घालून तो तलावावर गेला. भर उन्हात, काठावरून जोरात फेकला. रंधा सरळ तळाला गेला. हेमराज बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. काहीही वर आले नाही.

सुटलो, असे त्याला वाटले. महिनाभरात पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

घरी मंजूने ताट वाढले. तो जेवू लागला. निम्मा भात संपला तेव्हा लक्षात आले, मंजू वाढायची थांबली आहे.

"तुमी डाव्या हातानं काहून जेवून राह्यले?"

त्याने खाली पाहिले.

उजवा हात मांडीवर पडला होता. कोरडा.

मंजू हलक्या आवाजात म्हणाली, "भैयालालभाऊ असेच जेवत."

हेमराजला भीती वाटायला हवी होती. पण आधी तोंडातून वेगळेच निघाले.

"तुह्या बरं ध्यानात आहे."

सत्यभामावहिनीला त्याने अजून काही सांगितलेले नाही. आज त्याच्याकडे गोंदियापासून गिऱ्हाईक येते. दुकानात अंजनाचा रंधा नाही, साधाच आहे. तरी पापुद्रा सलग निघतो. काम डाव्या हाताने होते. लोक बघतात आणि म्हणतात, भैयालालचा हात आहे. तो आता नाही म्हणत नाही.

मागच्या दिवाळीत त्याने मंजूला नवीन पलंग करून दिला. तिने पलंगाच्या कडेवरून बोट फिरवले. मग वर पाहिले. हेमराजच्या तोंडाकडे नाही, डाव्या हाताकडे.

"हात असावा तं असा," म्हणाली.

तेव्हापासून मंजू खोलीत आली, की हेमराज डावा हात मांडीखाली दाबून बसतो.