ढिगाच्या आतलं हळकुंड

निजामाच्या राज्यातली गोष्ट. डोंगरकड्याच्या खळ्यात ग्यानबाची लेक गोजरा हळदीचा ढीग लावून बाजूला झाली, तोच वसमतच्या अडतीवरून आलेला संतराम पुढं झाला. तिनं निवडून वर मांडलेली जाड, देखणी हळकुंडं त्यानं पाहिलीसुद्धा नाहीत. कोपरापर्यंत हात खुपसून आतलं एक ओढलं आणि काडकन मोडलं. उन्हात त्याचा गाभा निखाऱ्यासारखा दिसला.

"वरचं काहून न्हाई घेतलं?" गोजरा फणकारली.

"वरचं दाखवायला असतं. सॅम्पल आतून घ्यावं लागतं."

"काय घ्यावं लागतं?"

"वानगी. आमचे मुनीम खाजा मिया नमुना म्हणतात, मुंबईचा साहेब सॅम्पल. ते पसंत पडलं की सगळा माल त्याच्या बराबर पाहिजे." त्यानं मोडलेला तुकडा तिच्यापुढं धरला. "मिया सांगत व्हते, सॅम्पल हा लई जुन्या, परमुलखातल्या भाषेतला शब्द हाय. मूळ अर्थ — बाहेर काढून घेतलेलं."

गोजरा त्या तुकड्याकडं पाहतच राहिली. एवढंसं हळकुंड, आणि साऱ्या ढिगाच्या वतीनं मुंबईत जाऊन बोलणार. आणि तो शब्द... किती समुद्र ओलांडून तिच्या खळ्यात आला होता.

"आन् माणसाचं सॅम्पल?"

"ते मोडून बघता येत न्हाई," संतराम हसला. "बोलत ऱ्हावं लागतं."

हळद संपली, तरी त्याच्या फेऱ्या संपेनात. शेवटी तो आईला, रूपाबाईला घेऊन गोजराला रीतसर पाहायलाच आला.

"खाली बघायचं, हळू बोलायचं," धुरपता आत्यानं बजावलं होतं. "ही सोयरीक हातची घालवू नको, गोजरे."

गोजरा मान घालून बसली.

"पोरगी गरीब दिसती," रूपाबाई म्हणाली.

खरं बोलावं, तर नकार येईल. पण असं वरवरचं दाखवून या माणसाच्या घरी जायला तिचं मन धजेना.

"मी गरीब न्हाई, मावशी," ती म्हणाली. "लई बोलते. भाकर जाड थापते. राग आला की गप बसते — ते तर आणखीच वाईट."

आत्यानं कपाळाला हात लावला. रूपाबाईनं तोंडातलं पान गालात सारलं.

"बरं केलं सांगितलंस. आता माझ्या पोराचंबी ऐक. झोपेत बडबडतो."

"काय बडबडतात?"

"एकच. 'गोजरा, गोजरा' करून राहिला. आमाला झोप न्हाई."

संतराम पाणी प्यायचं निमित्त करून उठला आणि थेट गोठ्यात शिरला. सगळे हसले. गोजराला ते ऐकूच आलं नाही. वसमतचं ते घर तिनं कधी पाहिलं नव्हतं... आणि तिचं नाव तिच्या आधीच तिथं नांदायला गेलं होतं.